हातातला श्वास

त्यांची पहिली भेट एका काळोख्या जिन्यात झाली, आणि त्या भेटीत तिने त्याचा चेहरा पाहिला नाही. पाहण्याइतकी उसंत कोणालाच नव्हती. भोंगा वाजून गेला होता, वीज गेली होती, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये कुठेतरी अडकून पडली होती, आणि रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरून एक स्ट्रेचर तळघराकडे उतरत होते. प्रत्येक स्फोटासरशी भिंतीतून भुरभुर माती गळे आणि उतरणाऱ्यांची पावले क्षणभर थबकत.

स्ट्रेचरवर त्याच रुग्णालयाच्या मेट्रन, म्हणजे साऱ्या परिचारिकांच्या प्रमुख, होत्या. त्यांना सारे 'मोठ्या बाई' म्हणत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशाशी उभ्या राहिलेल्या त्या स्त्रीला युद्धाच्या ऐन धामधुमीत एका तापाचे निमित्त झाले, आणि मग नसांचे एक विलक्षण दुखणे पायांपासून चढत चढत छातीपर्यंत येऊन थांबले. शुद्ध पूर्ण होती, बुद्धी पूर्वीइतकीच तल्लख होती. परंतु बोट हलत नव्हते आणि स्वतःचा श्वास स्वतःला घेता येत नव्हता. डॉक्टर म्हणत, हे दुखणे जसे चढले तसे उतरेलही. तोवर श्वास मात्र बाहेरून पुरवीत राहिले पाहिजे. गळ्यात बसवलेल्या नळीला यंत्र जोडलेले असे. वीज गेली की यंत्र मुके होई, आणि मग हाताने दाबायची रबरी पिशवी — वॉर्डात तिला 'अँबू' म्हणत — नळीला लावून कोणीतरी तो श्वास द्यावा लागे.

त्या क्षणी तो देणारी होती धाकटी. वॉर्डातली वयाने सर्वांत लहान परिचारिका. म्हणून मोठ्या बाईंनीच तिला हे नाव ठेवले होते आणि ते चिकटून बसले होते. स्ट्रेचरच्या उशाशी अंग तिरके करून ती एकेक पायरी उतरत होती आणि पिशवी दाबत होती.

"सिस्टर," तिच्या कानाशी एक अनोळखी आवाज म्हणाला. स्ट्रेचरची उशाकडची बाजू पेलून उतरणारा कोणीतरी होता तो. "त्या पळत नाहीयेत. तुम्ही पळताय."

"मी… मी पायऱ्या उतरतेय."

"पायांचं नाही म्हणत मी. हातांचं म्हणतोय."

तेव्हा कुठे तिला उमगले. तिचे काळीज जितक्या वेगाने उडत होते तितक्याच वेगाने तिची बोटे पिशवी पिळीत होती. आत गेलेला श्वास बाहेर यायच्या आधीच ती दुसरा ढकलीत होती. फुप्फुस भरून तट्ट फुगले की माणूस हवेच्या मधोमध गुदमरतो, हे शिकवणीत पाठ केलेले सारे त्या काळोखात तिच्या डोक्यातून निघून गेले होते.

"मला सावकाश नाही जमत," ती रडवेली होऊन म्हणाली. "बाहेरचं ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"येतंय. बाहेरचं बाहेर राहू दे. तुम्ही तुमचा श्वास घ्या. घेतलात? आता दाबा… आता सोडा. तुमचाही सोडा, पिशवीही सोडा. आता पुन्हा घ्या."

अशा रीतीने त्या परक्या स्वराने दोन स्त्रियांना एकाच वेळी श्वास घ्यायला लावीत तळघरापर्यंत उतरवून नेले. खाली कंदिलाच्या उजेडात तिने त्याला पाहिले. उंच, सडपातळ, एक भुवई होरपळलेली, अंगावर दुसऱ्याच कुठल्या तरी रुग्णालयाचा काळवंडलेला अ‍ॅप्रन. नदीपलीकडचे ते रुग्णालय आदल्या दिवशी कोसळले होते. तिथला तो परिचारक, रुग्णांच्या बोलीत 'ब्रदर'. कामावर रुजू व्हायला म्हणून आला आणि दारातच भोंगा ऐकून, कोणाला काही न विचारता, त्याने स्ट्रेचरला हात घातला होता.

"आभारी आहे," ती म्हणाली.

"आभार त्यांचे माना," मोठ्या बाईंकडे पाहून तो म्हणाला. "त्यांनी सोसलं."

मोठ्या बाईंनी पापण्या एकदा मिटून उघडल्या. एकदा म्हणजे होय, दोनदा म्हणजे नाही, अशी त्यांची भाषा ठरली होती.

*

पुढचे दिवस तळघरातच उगवले आणि मावळले. कपड्यांची जुनी कपाटे हलवून तिथे खाटा मांडल्या गेल्या. जनरेटरचे तेल शस्त्रक्रियेच्या खोलीसाठी राखून ठेवावे लागे, म्हणून मोठ्या बाईंचा श्वास हा आता माणसांच्या हातांचा प्रश्न होऊन बसला. पाळ्या लागल्या. एकाची बोटे आखडली की दुसऱ्याने पिशवी हाती घ्यायची. हस्तांतर करताना एकही श्वास चुकता कामा नये, इतके ते काम नाजूक.

ब्रदरने पहिल्याच दिवशी साऱ्यांना एक नियम सांगून ठेवला. हात पळायला लागला की बाजूला व्हायचे. त्यात लाज नाही. लाज आहे ती पळणारा हात तसाच चालू ठेवण्यात. भीती प्रत्येकाला वाटते, परंतु इतर कामात ती आपल्यापाशी राहते. या कामात ती बोटांतून निघून थेट दुसऱ्याच्या छातीत उतरते.

धाकटीला त्या नियमाचा आधार अनेकदा घ्यावा लागला, आणि प्रत्येक वेळी ती मनातून ओशाळली. ती मुळातच भित्री होती. घरात लहानपणी दार आपटले तरी आईच्या मागे लपायची, असे तिचा दादा अजूनही चारचौघांत सांगे. आता तर भिण्यासारखे पुष्कळ होते. छताच्या तुळईत रोज एखादी नवी चीर दिसे. तिच्या शेजारच्या खुंटीवर एका मैत्रिणीचा अ‍ॅप्रन लटकत होता. ती मैत्रीण एका सकाळी घरून कामावर यायला निघाली ती पोचलीच नाही. तो अ‍ॅप्रन कोणी काढीत नव्हते, आणि त्याच्याकडे कोणी पाहतही नव्हते.

ब्रदर मात्र स्फोट झाला की मान किंचित कलती करी, जणू शेजारच्या खोलीत कोणी भांडे पाडले आहे, आणि पिशवी पूर्वीच्याच लयीत दाबीत राही.

"तुम्हाला भीती वाटतच नाही का हो?" तिने एकदा विचारले. पाळी त्याची होती. ती समोर बसून पट्ट्या गुंडाळीत होती.

"वाटते की."

"कशाची?"

"तुमच्या चहाची."

"एवढा काही वाईट नसतो."

"मोठ्या बाईंना विचारा."

मोठ्या बाईंना चहा नाकातल्या नळीवाटे मिळे, त्याला चव कसली? तरीही त्यांनी पापणी एकदा मिटून ब्रदरलाच होय म्हटले. धाकटी हसली. हसता हसता तिला जाणवले की बाहेर मघापासून मारा चालू आहे आणि आपण तो मोजायचे विसरलो आहोत.

हळूहळू तिला एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती ध्यानात आल्यावर ती मनाशीच दचकली. पाळी संपली तरी ती खाटेजवळून उठत नसे. त्याची पाळी संपली तरी तोही उठत नसे. हस्तांतराच्या वेळी क्षणभर दोघांचे हात एकाच पिशवीवर असत. तिचे खाली, त्याचे वर, आणि तो एक श्वास कोणाचा दिलेला, हे सांगता आले नसते. त्या एका श्वासासाठी ती पाळीची वाट पाहू लागली होती. प्रेम हा शब्द तिने मनातही उच्चारला नाही. अशा दिवसांत एखाद्या गोष्टीला नाव दिले की ती हरवण्याची भीतीही तिच्याबरोबरच जन्माला येते.

*

एका सकाळी तिची आई तळघराचा जिना उतरून आली. दादाला गाव सोडून जाणाऱ्या ट्रकमध्ये जागा मिळाली होती. धाकटीचे कपडे बांधून, तिला बरोबर न्यायचेच, असा निश्चय करून आई आली होती. धाकटी पलीकडच्या दालनात जखमा धूत होती. मोठ्या बाईंच्या खाटेपाशी एकटा ब्रदर होता, आणि त्यांच्या नळीत कफ दाटला होता. नळी साफ करायला दोन माणसे लागतात.

"काकू," तो म्हणाला, "जरा ही पिशवी धरता का?"

आपल्याला यातले काय कळते, म्हणून आई मागे सरली.

"मुलांना थोपटून झोपवलंय ना तुम्ही? तेवढ्याच सावकाश दाबायची. थोपटल्यासारखी."

आईने हातातले गाठोडे खाटेखाली सरकवले आणि पिशवी धरली. त्या हाताला शिकवण्यासारखे काही नव्हते. धाकटी परत आली तेव्हा आई पाय दुमडून खुर्चीत बसली होती, पिशवी दाबत होती, आणि त्याच ठेक्यात ब्रदरची उलटतपासणी चालली होती. घरी कोण कोण असते, आईवडील कुठे आहेत, जेवणाचे काय करता, असे सारे झाल्यावर ती मुद्द्याला आली.

"लग्न झालंय?"

"नाही, काकू."

"का बरं?"

"ड्यूटी असते."

"ड्यूटी माझ्या मुलीलाही असते. म्हणून काय माणसानं…" इथे आईला मुलगी दारात उभी दिसली आणि वाक्य तिने तसेच गिळून टाकले.

दुपारी दादा न्यायला आला. बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी आई म्हणाली, तू बायको-मुलांना घेऊन पुढे हो. माझा हात गुंतलाय. दादा डोके धरून निघून गेला.

त्या संध्याकाळी चादरी घड्या करताना आईने हलक्या आवाजात विचारले, "त्यांना ब्रदर म्हणतेस तू?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांना म्हणू दे. तू म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. हाक न मारताही बोलता येतं. तुझ्या बाबांशी मी जन्मभर तशीच बोलले."

धाकटीने चादर तोंडापुढे धरली. पलीकडे मोठ्या बाईंचे डोळे मिटलेले होते. परंतु त्या झोपल्या नव्हत्या, हे ओळखण्याइतकी ती आता त्यांना जाणू लागली होती.

*

परिचारिकांत एक रीत आहे. कितीही निवांत वेळ असला तरी 'आज शांत आहे' असे कोणी म्हणत नाही. म्हटले की शांतता मोडते. शिकलेल्या, शास्त्र जाणणाऱ्या स्त्रिया; पण हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला की साऱ्यांच्या काळजात धस्स होते. त्या दुपारी डॉक्टर हात पुशीत आले आणि सहज बोलून गेले की आज जरा शांत वाटतंय. साऱ्या परिचारिकांनी एकदमच त्यांच्याकडे पाहिले. डॉक्टर खजील झाले, पण शब्द सुटून गेला होता.

पहिला गोळा फाटकाबाहेर पडला. दुसरा आवारात. तळघराचे कंदील झुलले, ट्रेमधली हत्यारे खणखणली, आणि कोणीतरी लहान मुलासारखे विव्हळले. डॉक्टर वर धावले. त्याच सुमाराला ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा तळाशी येऊन टेकला. मोठ्या बाईंच्या फुप्फुसात कफ साचलेला होता. नुसत्या हवेवर त्यांचे भागत नव्हते. भरलेले सिलिंडर होते ते आवारापलीकडच्या कोठीत, आणि ते आणून देणारा मदतनीस सकाळीच जखमी होऊन पडला होता.

ब्रदरने पिशवी धाकटीच्या हाती दिली आणि तो उठला. आई पाळी संपवून कोपऱ्यात लवंडली होती. धाकटीने एकदा दाबले, दोनदा दाबले. तिसरा गोळा पडला, आणि तिची बोटे धावत सुटली. ती श्वास घेऊ पाहत होती, लय धरू पाहत होती, बोटे ऐकेनात. मोठ्या बाईंच्या कपाळावर घामाचे थेंब उमटले. त्या तिच्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, हेच तिला सहन झाले नाही.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी जाते."

"वेड लागलंय का?"

"माझे हात पळताहेत."

"मग काकूंना उठवतो, मी जातो—"

"आई दमलीय, तिच्या बोटांत त्राण नाहीत. तुमचे हात इथे हवेत. भ्यालेल्या हातांनी श्वास देता येत नाही. भ्यालेल्या पायांनी पोचता येतं. लवकरच पोचता येतं."

"सिलिंडर जड असतो."

"ट्रॉलीला चाकं आहेत."

"सिस्टर…"

"हात पळायला लागला की बाजूला व्हायचं. नियम तुमचाच आहे ना?"

त्याने पिशवी घेतली. नेहमीचा तो एक सामाईक श्वास झाला, आणि हात सोडवून घेताना तिने त्याच्या डोळ्यांत पाहिले. तिथे असे काहीतरी होते जे तिने कधी पाहिले नव्हते. पण ते वाचीत बसायला वेळ नव्हता.

बाहेर दिवसाचा उजेड होता, आणि तळघराची सवय झालेल्या डोळ्यांना तो सुईसारखा टोचला. बारीक पाऊस भुरभुरत होता. आवारातल्या फरश्या ओल्या होत्या, त्यांवर काचा पसरल्या होत्या, आणि कुठेही कोणी नव्हते. ही निर्जनता तिला स्फोटांहून भयाण वाटली. जीव मुठीत धरून ती धावली. कोठीचे दार फुगून बसले होते. तिने खांदा मारला, पुन्हा मारला, तेव्हा ते उघडले. सिलिंडर ट्रॉलीवर कलता करून घेताना त्याचे थंड लोखंड तिच्या गालाला लागले. पट्टा आवळताना बोटे कापत होती. कापेनात का, तिने बोटांना बजावले, इथे कोणाचा श्वास नाही तुमच्यात.

परतताना आवाराच्या मध्यभागी ट्रॉलीचे चाक गटाराच्या जाळीत अडकले. ती ओढू लागली. वरून ती लांबलचक शीळ येताना ऐकू आली, आणि ती सिलिंडरवर पालथी पडली. भिंतीपलीकडे जमीन हादरली. मातीचे ढेकूळ पाठीवर बसले. तिला वाटले, आता आई आठवेल, देव आठवेल. आठवला तो काळोख्या जिन्यातला स्वर. आता घ्या… आता सोडा. तिने श्वास घेतला आणि सोडला. मग उठून चाक उचलले आणि ट्रॉली ढकलीत ती दारापाशी पोचली.

तळघरात मोठ्या बाईंजवळ आई बसली होती. पिशवी तिच्या हाती होती. ब्रदर भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि पाणी नसलेल्या बेसिनमध्ये हात चोळीत होता. त्याने वळून सिलिंडर घेतला, नळी जोडली, काटा पाहिला. तिच्याकडे पाहिले नाही.

"उशीर झाला," तो म्हणाला. एवढेच.

*

त्या दिवसापासून तो बदलला. मोठ्या बाईंच्या खाटेजवळ तो पुन्हा बसला नाही. पाळ्या त्याने दुसऱ्यांशी बदलून घेतल्या. धाकटी समोर आली तर अदबीने बाजूला होई, आणि त्या अदबीने तिच्या मनाला चटका बसे. तिने स्वतःलाच खोदून खोदून विचारले. आपण रुग्णाला मध्येच सोडून गेलो, हे चुकले असेल? उशिरामुळे मोठ्या बाईंना काही झाले असते तर, म्हणून हा राग असेल? आईला विचारले तर आई म्हणाली, मला झोप लागली होती, मी उठून पिशवी घेतली, बाकी मला काय ठाऊक. आणि लगबगीने कसल्याशा कामाला निघून गेली.

एकदा पट्ट्या उकळण्याच्या खोलीत तो तिला एकटा सापडला. वाफेने खोली धूसर झाली होती.

"माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग?"

"तुमचं काही चुकलं नाही, सिस्टर," तो म्हणाला. 'तुमचं' या शब्दावर त्याचा आवाज किंचित अडखळला. परंतु ती तेव्हा रडू आवरण्यात गुंतली होती.

मग बातमी आली. आघाडीजवळच्या मदतकेंद्राने दोन परिचारक मागितले होते. तिथून परतलेले फार थोडे, म्हणून नाव द्यायला कोणी पुढे आले नव्हते. एक नाव आले, ते ब्रदरचे. अँब्युलन्सचा दाढीवाला ड्रायव्हर तिला हे सांगत होता आणि ती हातातली किडनी-ट्रे, मलमपट्टीची ती वाकडी थाळी, पुशीत राहिली, कोरडी झाली तरी पुशीत राहिली. आतापर्यंत तिला आवाजांची भीती वाटे. आता भीती वाटली ती एक आवाज उद्यापासून ऐकू येणार नाही याची. गोळा कुठे पडतो ते निदान कळते. तो तिथे गेल्यावर त्याचे काय झाले, हे तिला कोण कळवणार होते? ती त्याची कोण होती?

*

दुखणे चढले तसे उतरू लागले होते. मोठ्या बाईंची बोटे हलली, मग मनगट हलले. मग छाती आपण होऊन थोडी वर येऊ लागली, आणि पिशवीची गरज तासातासाने कमी होत गेली. अँब्युलन्स निघायची होती त्याच सकाळी डॉक्टरांनी गळ्यातली नळी बदलून लहान बसवली. आता तिच्या तोंडावर क्षणभर बोट ठेवले तर आवाज निघू शकेल, पण फार बोलू देऊ नका, असे सांगून ते गेले. वरच्या आवारात गाडीचे इंजिन घुरघुरू लागले होते.

मोठ्या बाईंनी नजरेने धाकटीला जवळ बोलावले. तिने नळीवर बोट ठेवले. इतक्या दिवसांच्या मौनानंतर जो आवाज निघाला तो घोगरा होता, तुटक होता. पण तो मेट्रनचाच होता.

"त्याला थांबव."

"बाई, बोलू नका, दमाल."

"गप्प बस. मी पुष्कळ गप्प बसले." त्या श्वासासाठी थांबल्या. "बाहेर इतकं पडलं… त्याचा हात कधी हलला नाही. त्या दुपारी तू वर गेलीस… आणि माझ्या छातीत वादळ सुटलं. मला श्वास सोडायलाच मिळेना. मला वाटलं, गोळ्यांनी नाही, आता हा मुलगाच मला मारणार."

धाकटीचे नळीवरचे बोट निसटले, तिने ते पुन्हा ठेवले.

"मी त्याच्याकडे पाहिलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "तो दाराकडे पाहत होता. तू गेलीस, त्या दाराकडे."

खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली आई पदराशी चाळा करीत म्हणाली, "मला जाग आली ती बाईंच्या घशाच्या आवाजानं. मी पिशवी हिसकावून घेतली त्याच्याकडून. रडत होता गं."

"आई, तू मला सांगितलं नाहीस?"

"हात जोडले त्यानं, सांगू नका म्हणून. आणि मुलीच्या आईनं असलं कसं सांगायचं?"

धाकटीला आता सारे उलगडले. ज्याने तो नियम घालून दिला त्याने तो स्वतःला लावला होता, आणि लावताना फार दूर नेऊन लावला होता. पिशवीपासून बाजूला व्हायचे म्हणून तो तिच्यापासूनच, जगण्यापासूनच बाजूला व्हायला निघाला होता.

"माझी पाळी आहे," ती चाचरत म्हणाली. "तुम्हाला सोडून…"

"जा," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझा श्वास मी घेते."

तिने नळीवरचे बोट काढले. शब्द थांबले, छाती मात्र थांबली नाही. सावकाश, कोणाच्याही हाताविना, ती वर आली आणि खाली गेली.

*

आवारात गाडी निघण्याच्या बेतात होती. तो मागे, रिकाम्या स्ट्रेचरांच्या मध्ये बसला होता. ती धापा टाकीत दारापाशी आली. हाक मारायला तोंड उघडले, आणि नेहमीचा शब्द ओठांवर येईना.

"अहो…" ती म्हणाली.

त्याने वर पाहिले.

"मला सगळं कळलंय. बाईंनी सांगितलं."

त्याने शेजारच्या स्ट्रेचरचा सुटलेला पट्टा आवळला. मग म्हणाला, "मग मी का जातोय, तेही कळलं असेल. भीती मला नेहमीच वाटायची. पण हातापर्यंत यायची नाही. त्या दिवशी आली. तुम्ही आसपास असलात की आता मी कामाचा राहिलो नाही, सिस्टर. एखाद्याचा जीव जाईल माझ्या हातून."

"आणि मी आसपास नसले की?"

"म्हणजे?"

"तिथे तुम्ही कोणाच्या तरी उशाशी बसलेले असाल, आणि इकडच्या दिशेनं आवाज येईल. मी आहे की नाही, ते कळणार नाही. तेव्हा हात कसा राहील तुमचा?"

त्याने विचार केला नव्हता. ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसले. अशा नेमस्त, जाणत्या माणसाने इतकी साधी गोष्ट ध्यानात घेतली नव्हती, आणि त्या क्षणी तो तिला कोवळ्या पोरासारखा वाटला.

"मी पहिल्या दिवसापासून घाबरतेय," ती म्हणाली. "रोज. आत्तासुद्धा. घाबरलेल्या हातानं काम कसं करायचं, ते मला येतं. तुम्हीच शिकवलंत, पण तुम्हाला स्वतःला त्याची गरज कधी पडली नव्हती. आता पडलीय, तर पळून काय जाताय? शिका."

"कोणाकडून?"

"माझा चहा चालत असेल तर माझ्याकडून."

तो हसला नाही. त्याचे डोळे भरून आले. "मला तुम्ही हव्या आहात," तो अगदी हळू म्हणाला. "जिन्यापासून. काळोखात तुम्ही 'मला जमत नाही' म्हणालात आणि तरी दाबत राहिलात, तेव्हापासून. पण हे सांगायला भीती वाटत होती. कोणाला काही सांगितलं की दुसऱ्या दिवशी तो माणूस नसतो, असे दिवस आहेत हे."

"आहेतच. म्हणून आजच सांगा."

"सांगितलं की."

पुढून ड्रायव्हरने मान बाहेर काढली आणि ऊन चढायच्या आत पूल ओलांडायचा आहे, याची आठवण करून दिली. ब्रदर उतरू लागला, मग थांबला. तिथे पुढे जखमी पडले होते. केंद्राने दोन माणसे मागितली होती आणि नाव एकच गेले होते. हे दोघांनाही ठाऊक होते. त्याला उतरवून ती सुखी झाली नसती, आणि उतरून तोही झाला नसता.

तिने गाडीच्या दांड्याला हात घातला. फाटकाबाहेरचा तो रस्ता, नदीवरचा तो पूल, त्यापलीकडचा तो अखंड गडगडाट, या साऱ्याचे भय एकदम तिच्या अंगावर धावून आले. ती पायरीवर चढली.

"डॉक्टरांना काय सांगायचं?" ड्रायव्हरने विचारले.

"मोठ्या बाईंनी पाठवलं म्हणावं," ती म्हणाली. त्या रुग्णालयात यावर कोणी, अगदी डॉक्टरांनीही, कधी प्रश्न केला नव्हता.

तळघराच्या दाराशी आई येऊन उभी राहिली होती. मुलगी कुठे निघाली हे तिला दिसत होते, आणि कोणाबरोबर निघाली हेही दिसत होते. तिने फक्त हाताने खूण केली: मी आहे बाईंपाशी. मग पदर तोंडात धरून ती आत वळली.

गाडी हलली. आत ती दोघे समोरासमोर बसली. दूर कुठेतरी स्फोट झाला. तिने त्याच्या हाताकडे पाहिले, त्याने तिच्या. दोन्ही हात कापत होते.

"भीती वाटतेय?" त्याने विचारले.

"फार."

"मलाही."

मागचे दार वाऱ्याने भडाभडा आपटू लागले होते. ते जुने होते, बिजागरी वाकली होती, एकट्याच्या जोराने ते बसत नसे. ड्रायव्हर पुढून ओरडून काहीतरी म्हणाला. ती दोघे एकदमच उठली, हेलकावे खात दारापर्यंत गेली, आणि दोघांनी मिळून ते ओढून घेतले.